स्वस्त मोबाईल घ्यावा काय?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. भाजे गावाकडून एक आजी नातवाबरोबर आमच्या मळवलीच्या दवाखान्यात आल्या. उजवा तळहात चांगलाच भाजला होता आणि त्यावर टूथपेस्ट थापलेली होती. रात्री उशाशी मोबाईल चार्जिंगला लावून त्या झोपल्या होत्या. पहाटे जळका वास आला म्हणून जागे होऊन पाहतात तो चार्जर वितळून गोधडीला चिकटलेला. तो त्यांनी हातानेच ओढून काढला. नातू म्हणाला, "डॉक्टर, फोनच हलक्या कंपनीचा. नाव कुणी ऐकलेलं नाही. आता मोठ्या कंपनीचाच घेतो, हप्त्यानं."

मी फोन पाहिला. फोन शाबूत होता आणि दोन वर्षे विनातक्रार चालला होता. मूळ चार्जर उंदराने कुरतडला म्हणून जत्रेतल्या पथारीवरून साठ रुपयांचा दुसरा आणला होता. म्हणजे अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला! त्या घरची मिळकत मला ठाऊक आहे. नव्या फोनचा हप्ता शेवटी आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांतूनच गेला असता.

आरोग्याच्या सदरात मोबाईलची चर्चा कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची तर फोन हवा. ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा, तपासणीचा रिपोर्ट मागवायचा, तरी फोनच लागतो. तेव्हा तो कसा निवडावा, हे समजून घेतलेले बरे.

नाव आणि गुण

रुग्ण मला नेहमी विचारतात, "जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी चालेल का?" मी सांगतो, अवश्य चालेल. औषधाचा गुण वेष्टनावरील नावात नसतो, आतील द्रव्यात असतो. मात्र पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहून घ्यावी. ज्या गोळीवर यातले काहीच नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

मोबाईललाही हाच न्याय लावावा. आपल्याला अपरिचित असलेले नाव वाईटच असते असे नाही. आयटेल, टेक्नो, इन्फिनिक्स ही नावे आपल्याकडे अनेकांना नवखी वाटतात. पण ती ट्रान्शन या एकाच चिनी कंपनीची असून आफ्रिका खंडात सर्वाधिक फोन हीच कंपनी विकते. लावा ही तर २००९ साली स्थापन झालेली भारतीय कंपनी. उलट मोठे नाव म्हणजे हमी, असेही नाही. २०१६ साली सॅमसंगच्या 'गॅलेक्सी नोट ७' या महागड्या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या आणि कंपनीला तो जगभरातून परत घ्यावा लागला.

मात्र स्वस्ताईलाही मर्यादा असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या एका कंपनीने 'फ्रीडम २५१' या नावाने अवघ्या २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात केली. नोंदणीसाठी झुंबड उडाली, पण बहुसंख्य लोकांच्या हाती फोन आलाच नाही. ज्या किमतीत नुसती बॅटरीही येत नाही, त्या किमतीत फोन येणार कसा, हा साधा हिशेब आपण करावा.

खरेदीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात

१) भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी. फोन, बॅटरी आणि चार्जर या तिन्हींवर ब्यूरोचे चिन्ह व इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असावा. हा झाला औषधाचा परवाना.

२) आयएमईआय. हा पंधरा आकडी क्रमांक म्हणजे फोनचा बॅच क्रमांक. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबली की तो पडद्यावर दिसतो. खोक्यावरील क्रमांक तोच आहे ना, हे पाहावे. इंग्रजीत 'केवायएम' लिहून, जागा सोडून हा क्रमांक १४४२२ वर एसएमएस केल्यास फोन अस्सल आहे की नाही ते कळते. पूर्वी असा क्रमांकच नसलेले फोन सर्रास विकले जात. ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून सरकारने त्यांची सेवा बंद केली आणि ते रातोरात निकामी झाले.

३) मुदतीची तारीख. फोन नवा दिसला तरी आतील सुरक्षेची दुरुस्ती, म्हणजे 'सिक्युरिटी अपडेट', जुनी असू शकते. सेटिंगमधील फोनच्या माहितीत तिची तारीख असते. ती दोन-तीन वर्षे जुनी असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत. स्वस्त फोनची खरी उणीव बहुधा इथेच असते. पुढे किती वर्षे अपडेट मिळणार, हे दुकानदाराला आधीच विचारावे.

४) दुरुस्तीची सोय. लोणावळा, तळेगाव किंवा निदान पुण्यात त्या कंपनीचे सेवा केंद्र आहे काय? नसेल तर स्वस्त फोनही महागच पडतो.

चार्जरमध्ये काटकसर नको

भिंतीतील वीज २३० व्होल्टची असते. चार्जर तिचे साधारण ५ ते ९ व्होल्ट करतो. चांगल्या चार्जरमध्ये या दोन बाजूंमध्ये पुरेसे अंतर आणि विद्युतरोधक असतो. हलक्या चार्जरमध्ये तिथेच कसर केलेली असते. चार्जिंग चालू असताना फोनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तो चार्जर त्याच दिवशी टाकून द्यावा.

बॅटरी फुगून फोनची पाठ उचलली गेली असेल तर फोन वापरू नये. बॅटरी दाबू नये, टोचूही नये. फोन उशीखाली किंवा गोधडीत ठेवून चार्ज करू नये. उष्णतेला बाहेर पडायला वाट हवी. आपल्या मावळातल्या पावसात फोन भिजतोच. ओला फोन बंद करून, पुसून, हवेशीर जागी पूर्ण वाळू द्यावा आणि मगच चार्जिंगला लावावा. तो इंद्रायणी तांदळात पुरून ठेवल्याने काही साधत नाही. उलट कोंडा मात्र आत जातो.

किरणांची भीती

"स्वस्त फोनने कॅन्सर होतो का?" हाही प्रश्न येतो. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनच्या किरणांची, म्हणजे 'सार'ची, मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. ती स्वस्त-महाग सर्वच फोनना लागू आहे. बहुतेक फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबले की हा आकडा दिसतो. २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले होते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाईलचा व मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. तरी एक लक्षात ठेवावे. डोंगराआड रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो. अशा जागी स्पीकरवर बोलावे किंवा अंगणात यावे.

आणखी एक इशारा. केवळ कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब किंवा ऑक्सिजन सांगणाऱ्या अ‍ॅपवर भरवसा ठेवून गोळी कमी-जास्त करू नये. फोन स्वस्त असो वा महाग, हे काम त्याचे नव्हे.

भाजल्यास काय करावे

प्रथम मुख्य स्विच बंद करावा. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापड सैल गुंडाळून डॉक्टरांकडे जावे. विजेचा धक्का बसला असेल तर जखम लहान दिसली तरी तपासून घ्यावे, कारण त्याचा परिणाम हृदयावर होऊ शकतो.

त्या आजींचा हात तीन आठवड्यांत बरा झाला. नातवाने हप्त्याचा फोन घेतला नाही. जुन्या फोनला त्याच कंपनीचा चारशे रुपयांचा चार्जर आणला आणि चार्जिंगची जागा उशापासून ओट्यावर नेली. आजी गोळ्या नियमित घेत आहेत. तेव्हा वाचकहो, स्वस्त फोन जरूर घ्यावा, पण परवाना, क्रमांक आणि तारीख पाहूनच; आणि वाचलेल्या पैशांतले थोडे चांगल्या चार्जरवर खर्च करावेत.