ताण तोडण्याआधी मोटारीचे अँपिअर बघा

आंबे बहाराच्या मोसंबीचा ताण जानेवारीत तुटतो. तीर्थपुरी, रांजणी, कुंभार पिंपळगाव या पट्ट्यात गहू-हरभऱ्याची पाळी आणि उसाचं पाणीही त्याच सुमारास असतं. लाइट आली की सगळ्यांच्या मोटारी सुरू होतात, व्होल्टेज पडतं. मोटारी जळायचे दिवस हेच.

63 केव्हीएचा डीपी फेजमागे साधारण 84 अँपिअर देतो. पाच एचपीची मोटार 8 अँपिअर घेते असं धरलं, तर दहा मोटारींत तो भरला. त्यात प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो! सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. ऑटो काढायचा नसेल तर निदान टाइमर लावून वेळा मागेपुढे करा.

शेगडीचं गणित सरळ आहे. 230 व्होल्टला 1000 वॅटची शेगडी 4.35 अँपिअर घेते. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध आला, सुमारे 53 ओहम. व्होल्टेज 180 वर आलं की करंट 3.4 अँपिअर, म्हणजे शेगडी 610 वॅटवर येते. कमी तापते, एवढंच. मोटारीचं मात्र उलटं. पाणी तेवढंच उचलायचं असल्याने ती कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढते. तीन फेजचे वॅट काढायला 1.73 गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर. 415 व्होल्ट, 8 अँपिअर, 0.8 पॉवर फॅक्टर धरले तर 4600 वॅट. तेवढंच काम 330 व्होल्टला करायचं तर करंट 10 अँपिअरवर जातो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे वाइंडिंग दीडपटीहून जास्त तापते. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा स्क्रू फिरवणारे पुढे मोटार भरायला घेऊन जातात. रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरलाच ठेवा.

आता केबल. 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण 7.4 ओहम. स्टार्टरपासून विहीर 300 मीटरवर असेल तर एका तारेचा 2.2 ओहम. आठचा वर्ग गुणिले 2.2 गुणिले तीन तारा, म्हणजे 420 वॅट वाटेतच गेले, आणि मोटारीपर्यंत पोचताना 24 व्होल्ट घटले. चार चौरसची केबल टाकली तर तोटा 270 वॅटवर येतो. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 पासून वीज मोफत असल्याने हे वॅट कुणी मोजत नाही. पण घटलेले व्होल्ट मोटारीच्याच जिवावर येतात.

टेप गुंडाळलेला, काळा पडलेला जॉइंट आधी बघा. त्यात अर्धा ओहम रोध असला तरी 8 अँपिअरला 32 वॅट तिथेच जळतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची कांडी 25 वॅटची असते.

चालू मोटारीच्या व्होल्ट-अँपिअरवरून वाइंडिंगचा रोध काढू नका, तो हिशेब शेगडीपुरता. वाइंडिंग तपासायची तर वायरमनला सांगा: लाइट बंद करून, केबल स्टार्टरमधून सोडवून, तीन तारांत दोन-दोनची जोडी धरून ओहम बघायचे. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एक वेगळा आला तर मोटार ताण तुटायच्या आधीच वर काढा. रोजचं काम पॅनलवरच्या दोन घड्याळांचं: मोटार सुरू झाल्यावर व्होल्ट आणि तिन्ही फेजचे अँपिअर पाहून स्टार्टरच्या झाकणावर खडूने लिहा. विहिरीतलं पाणी तेवढंच असून अँपिअर वाढत गेले, तर बटण दाबा आणि आधी जॉइंट बघा.