जुन्या पिकअपचा टायर : माप आणि भार दोन्ही पाहा

टेंभी नाक्यावरून माल भरून निघालेला टेंपो कधी कळवा-मुंब्र्याकडे वळतो, कधी कशेळीच्या पुलावरून भिवंडी गाठतो, तर कधी घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ चढतो. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांची रोजी अशाच एखाद्या जुन्या पिकअपवर चालते. नवी गाडी घेणे परवडत नाही, टायर मात्र बदलावेच लागतात. अशा वेळी दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते, "हाच साइज आहे, बसेल." परंतु रिमवर बसणारा टायर आणि भार पेलणारा टायर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कसा ओळखावा, ते या लेखात पाहू.

मूळ माप कोठे सापडेल?

जुनी गाडी दोन-तीन मालकांच्या हातून आलेली असते. आधीच्या मालकाने मिळेल तो टायर चढवलेला असू शकतो. म्हणून झिजलेला टायर दाखवून "असाच द्या" म्हणणे धोक्याचे आहे. मूळ माप कंपनीच्या पुस्तिकेत असते. काही गाड्यांत ते दाराच्या चौकटीवरील पट्टीवरही लिहिलेले असते. मालवाहू गाडीच्या जुन्या आरसी बुकात टायरची संख्या, माप आणि प्रत्येक ॲक्सलवरील मंजूर वजन यांचे रकाने असतात. ते आधी वाचावेत. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या टायरवर आलेली असते, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नये.

आकडे कसे वाचावेत?

समजा, टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिले आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. जुन्या नायलॉन टायरवर ७.००-१५ असे माप दिसते. यात ७ ही इंचांतली रुंदी आणि १५ हे रिमचे माप.

रेडियल आणि नायलॉन यांची चाल वेगळी असते. एकाच ॲक्सलवर एक रेडियल व एक नायलॉन कधीही लावू नये. गाडी एका बाजूला ओढते, आणि जोरात ब्रेक लावल्यावर तिचा भरवसा राहत नाही. नायलॉनवरून रेडियलवर यायचे असेल, तर सर्व टायर एकदम बदलावेत आणि रिम व ट्यूब त्याला चालतात का, तेही विचारून घ्यावे.

थोडा मोठा टायर घेतला तर?

"मोठा टायर घ्या, गाडी उंच होईल" असा सल्ला पुष्कळदा मिळतो. त्याचा हिशेब करून पाहू. २१५/७५ आर १५ ची एकूण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ ची सुमारे ७३३ मिलिमीटर. फरक चार टक्क्यांहून थोडा जास्त. तेवढ्याने भरलेली गाडी चढावर जड जाते आणि ब्रेकवर जास्त ताण येतो. भार पडून पाटे दबले, की वळणावर टायर मडगार्डला घासू शकतो. शिवाय मीटर कमी दाखवतो. शंभर किलोमीटर चाललात, तर नोंद सुमारे ९६ ची होते. किलोमीटरवर भाडे घेणाऱ्याने हे नुकसान लक्षात घ्यावे.

खरा प्रश्न भाराचा

मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ १०० एस. यातील १०० हा भाराचा निर्देशांक. एक टायर किती किलो पेलू शकतो, ते तो सांगतो. काही आकडे येथे देत आहोत :

८८ : ५६० किलो
९५ : ६९० किलो
१०० : ८०० किलो
१०२ : ८५० किलो
१०४ : ९०० किलो
१०६ : ९५० किलो

दोन आकडे दिले असतील, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. अक्षर वेगाची मर्यादा सांगते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, गाडीचे मालासह मंजूर वजन २७०० किलो आहे. ८०० किलोचे चार टायर म्हणजे ३२०० किलो. वरवर पाहता भरपूर झाले. परंतु माल मागे भरला जातो. मागच्या ॲक्सलवर १७०० किलो येत असतील, तर मागच्या प्रत्येक टायरवर ८५० किलो पडतात. म्हणजे १०० चा टायर ५० किलोने अपुरा आहे. येथे किमान १०२ हवा. एकाच मापाचा टायर प्रवासी गाडीसाठी आणि मालवाहू गाडीसाठी वेगळ्या ताकदीचा बनतो, ही गोष्ट येथेच नडते. मालवाहू टायरवर बहुधा 'एलटी' ही अक्षरे आणि प्लाय रेटिंग असते. प्लाय रेटिंग हे ताकदीचे माप आहे, आतील थरांची मोजणी नव्हे.

अपुऱ्या ताकदीचा किंवा कमी हवेचा टायर चालताना सतत दबतो व सुटतो. त्यातून उष्णता वाढते, आतील थर सुटतात आणि भर उन्हात टायर फुटतो. त्या क्षणी गाडीत माल असतो, चालक असतो आणि शेजारून दुचाकीवर एखादे कुटुंब चाललेले असते. टायरमागे वाचवलेल्या चार पैशांचा हिशेब तेथे लागत नाही.

कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून कंपनीने मान्य केलेल्या मापाबाहेर जाऊ नये. पासिंगच्या वेळी किंवा अपघातानंतर विम्याच्या दाव्यात वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदलावा. खोबणीतील झिजेची खूण नक्षीच्या बरोबरीला आली, की ही वेळ झाली असे समजावे.

दुकानात काय पाहावे?

१. आरसी बुक किंवा पुस्तिकेतील माप कागदावर लिहून न्यावे.
२. भाराचा आकडा मूळ टायरइतका किंवा त्याहून जास्त असावा, कमी मुळीच नको.
३. बनावटीची तारीख पाहावी. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.
४. आयएसआय चिन्ह पाहावे. २००९ च्या सरकारी आदेशाने वाहनांच्या टायरना ते सक्तीचे झाले आहे.
५. दोनच टायर घेणे शक्य असेल, तर एकाच ॲक्सलवर सारखी जोडी लावावी.
६. स्टेपनीही त्याच मापाची व ताकदीची असावी.
७. बिल घ्यावे व त्यावर पूर्ण माप लिहून घ्यावे.

टायर बदलल्यावर हवा थंड टायरमध्ये, कंपनीने भरलेल्या गाडीसाठी सांगितलेल्या दाबाने भरावी. योग्य टायरही कमी हवेत आपला पूर्ण भार पेलू शकत नाही. आणि टायर कितीही मजबूत घेतला, तरी गाडीची मंजूर क्षमता वाढत नाही. चेसिस, पाटे आणि ब्रेक तेच राहतात. म्हणून टायर भाराप्रमाणे निवडावा आणि माल गाडीच्या क्षमतेप्रमाणे भरावा.