रेघांचा चकवा

एका कागदावर समान लांबीच्या दोन आडव्या रेघा काढाव्या. पहिल्या रेघेच्या दोन्ही टोकांना बाणाच्या अग्रासारख्या, आत वळलेल्या तिरप्या रेघा जोडाव्या. दुसरीच्या टोकांना तशाच रेघा बाहेर फाकलेल्या काढाव्या. पाहणाऱ्यास बहुधा दुसरी रेघ अधिक लांब भासते. पट्टीने मोजून दोन्ही सारख्या आहेत अशी खात्री करून घेतली, तरी हा भास जात नाही. यालाच दृष्टिभ्रम म्हणतात. १८८९ मध्ये म्युलर-लायर या जर्मन विद्वानाने ही आकृती प्रसिद्ध केली.

हा भ्रम सर्वांना सारखाच होतो काय? १८९८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे एक संशोधक-पथक ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांच्यामधील टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेले. त्यात रिव्हर्स नावाचे एक डॉक्टर होते. आपण सुधारलेले आणि दूरच्या बेटांवरील माणसे बुद्धीने मागासलेली, असा समज त्या काळी युरोपात रूढ होता. रिव्हर्स यांनी प्रत्यक्ष मोजमापे घेतली, तेव्हा निराळेच दिसले. मरे बेटावरील लोक या आकृतीने इंग्रजांपेक्षा कमी फसत होते! पुढे १९०१-०२ मध्ये निलगिरी पर्वतातील तोडा लोकांतही त्यांना हाच अनुभव आला. मात्र आडव्या रेघेवर तितक्याच लांबीची उभी रेघ काढली असता ती अधिक लांब भासते. या दुसऱ्या भ्रमात हेच लोक इंग्रजांहून अधिक सापडले. तेव्हा एक समाज शहाणा व दुसरा अडाणी, असे म्हणण्यास आधार उरला नाही.

मग हा फरक का पडावा? सीगल, कॅम्पबेल व हर्स्कोविट्स या अमेरिकन विद्वानांनी आफ्रिका, फिलिपाइन्स व अमेरिका येथील अनेक समाजांची परीक्षा घेऊन १९६६ मध्ये एक उपपत्ती मांडली. चौकोनी घरांत वाढलेल्या माणसाच्या दृष्टीस भिंतींचे कोपरे नित्य पडतात. फाकलेल्या टोकांची रेघ त्यास खोलीच्या दूरच्या कोपऱ्यासारखी वाटते, आणि दूरची वस्तू मन नकळत मोठी मानते. तोडांची जुनी घरे मात्र अर्ध्या पिंपासारखी गोलाकार असत.

परंतु गोष्ट येथेच संपत नाही. भारतातील काही जन्मांध मुलांना शस्त्रक्रियेने दृष्टी लाभली. कोपरे पाहण्याची सवय जडण्यापूर्वीच तीही या आकृतीने फसली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणजे भ्रमाचे मूळ केवळ घरांच्या कोपऱ्यांत नाही. परिसराचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

एवढे मात्र निश्चित, की डोळ्यांचा चकवा कोणासही चुकलेला नाही. म्हणून दुसऱ्यास दिसते ते खोटे ठरविण्यापूर्वी पट्टी हाती घ्यावी, आणि तिने प्रथम स्वतःची नजर तपासावी.