मुलांचा कार्डिओग्राम : ‘क्यूटी’चे गणित

धावताना, पोहताना किंवा एकदम दचकल्यावर मूल कोसळते, हातपाय ताठ होतात आणि थोड्या वेळाने ते उठून बसते. घरची मंडळी म्हणतात, ‘फिट आली’. मुलांना येणारी चक्कर बहुधा साधीच असते. पण ती ऐन श्रमाच्या वा भीतीच्या क्षणी आली असेल, तर फिटच्या गोळ्या सुरू करण्याआधी मी कार्डिओग्राम काढायला सांगतो. त्यात मला ‘क्यूटी’ हे अंतर पाहायचे असते.

हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेची लहर शिरते तेथून ते कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होतात तेथवरचा हा काळ. तो वाजवीपेक्षा लांबला तर ठोक्यांची लय एकाएकी बिघडू शकते, मेंदूला रक्त पोचत नाही. लय आपोआप सावरली तर मूल उठते. दरवेळी सावरेलच असे नाही.

आता ग्यानबाची मेख. नाडी जलद असली की क्यूटी मुळातच आखूड होतो आणि लहान मुलांची नाडी मोठ्यांपेक्षा जलद असते. म्हणून नुसता क्यूटी पाहून चालत नाही. बॅझेट यांनी १९२० साली सूत्र दिले : क्यूटीला दोन ठोक्यांमधील अंतराच्या वर्गमूळाने भागायचे.

उदाहरण घ्या. नेहमीच्या वेगाच्या पट्टीवर एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. लागोपाठच्या दोन उंच टोकांत १६ चौकोन भरले, म्हणजे ०.६४ सेकंद; नाडी साधारण ९४. ०.६४ चे वर्गमूळ ०.८. क्यूटी १० चौकोन, म्हणजे ०.४० सेकंद. भागाकार ०.५०! हाच ०.४० क्यूटी मिनिटाला ६० ठोके असणाऱ्या माणसात अगदी ठीक ठरला असता. मुलांत साधारणपणे ०.४४ पर्यंत काळजी नसते, ०.४६ च्या पुढे शंका घ्यावी आणि ०.५० म्हणजे तातडीने हृदयरोगतज्ज्ञांकडे.

मूल रडत असताना काढलेली पट्टी मात्र या कामाची नाही. नाडी फार जलद असली की बॅझेटचे सूत्र आकडा फुगवून दाखवते. मुलांत श्वासाबरोबर ठोके मागेपुढे होतात, म्हणून अनेक ठोके मोजून सरासरी काढावी. यंत्राने छापलेला आकडा मी पट्टीवर हाताने मोजून पडताळतो. यंत्राला रडके मूल काय कळणार!

१९५७ साली नॉर्वेत जर्वेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकिगत लिहिली. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी, चौघांचाही क्यूटी लांबलेला. त्यांतली तीन अचानक दगावली. हा प्रकार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होतो. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या आपल्याकडच्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. जन्मतः बहिऱ्या मुलाचा एक कार्डिओग्राम जरूर काढावा.

निदान झाल्यास प्रोप्रॅनोलॉलसारख्या रोजच्या गोळ्यांनी धोका बराच कमी होतो. त्या परस्पर बंद करू नयेत. अशा मुलाला एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन, उलटीवरचे ऑन्डॅनसेट्रॉन ही औषधे दुकानातून आणून देऊ नयेत. आईवडील व भावंडांचेही कार्डिओग्राम काढून घ्यावेत. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर तेही डॉक्टरांना न विसरता सांगावे.