वाहनतळावरील शिस्त आणि वाहनाची काळजी

श्रींच्या दर्शनास येणारे पुष्कळ भाविक आता स्वतःच्या अथवा भाड्याच्या वाहनाने सहकुटुंब येतात. यात्रा महाद्वारापासून सुरू होते असे आपण मानतो; प्रत्यक्षात तिचा आरंभ वाहनतळावरच होतो. वाहन कोठे व कसे उभे केले, यावर दर्शनाच्या वेळची आपली मनःस्वस्थता अवलंबून असते आणि मागून येणाऱ्या भाविकांची सोयही. म्हणून या विषयाची थोडी विस्ताराने माहिती येथे देत आहोत. भाविकांनी ती केवळ नियमावली म्हणून न वाचता त्यामागील कारणांसह समजून घ्यावी, ही विनंती.

१. वाट मोकळी का ठेवावी?

असा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. पौर्णिमेची गर्दी आहे. दर्शनबारीत उभ्या असलेल्या एका वृद्ध भाविकाच्या छातीत कळ येते. रुग्णवाहिका बोलावली जाते. ती गावात पोहोचतेही. परंतु मंदिराकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी 'पाच मिनिटांत येतो' म्हणून गाडी लावून गेलेले असते. काचेवर मालकाचा भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेला आहे, पण मंदिरात भ्रमणध्वनी नेण्यास मनाई असल्याने तो ठेवघरातच वाजत राहतो. ध्वनिक्षेपकावरून गाडीचा क्रमांक पुकारला जातो. मालक तो ऐकतो; पण बारीच्या कठड्यांमध्ये त्याला पुढेही सरता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. हा मनुष्य दुष्ट नाही, आपल्यासारखाच श्रद्धाळू आहे. त्याचा हिशेब मात्र चुकलेला आहे, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याच कुटुंबाला मोजावी लागते.

दि. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे यात्रेच्या दिवशी चेंगराचेंगरी होऊन शेकडो भाविक मृत्युमुखी पडले. गर्दीच्या ठिकाणी माणसांना बाहेर पडण्यास आणि मदतीला आत येण्यास वाट लागते, याचा विसर कोणत्याही यात्रास्थळी पडू नये.

म्हणून गल्लीचे तोंड, पादचारी मार्ग, बसथांबा, रुग्णालयाचे प्रवेशद्वार, अग्निशामक वाहनाची वाट आणि गावकऱ्यांच्या घरांची दारे यांसमोर वाहन उभे करू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये धोका अथवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्यास मनाई आहे, आणि असे वाहन ओढून नेण्याचा अधिकारही त्याच कायद्याने दिलेला आहे. थोडा वेळ थांबणे अपरिहार्यच असेल, तर वाहन चालवू शकणारी एक व्यक्ती किल्लीसह गाडीपाशी असावी. काचेवर लिहिलेला क्रमांक माणसाची जागा घेऊ शकत नाही.

२. दूरचा वाहनतळ ही गैरसोय नव्हे

वणीच्या सप्तशृंग गडावर नवरात्रोत्सवात खाजगी वाहने पायथ्याशी नांदुरी येथे थांबवून भाविकांना एसटीने वर नेले जाते. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील २०१५ च्या सिंहस्थातही शहराबाहेर वाहनतळ उभारून तेथून पुढे बसगाड्यांची सोय केलेली होती. यामागील विचार साधा आहे. एका बसमध्ये चाळीसएक माणसे बसतात. तीच माणसे मोटारींनी आली तर आठ-दहा मोटारी लागतात आणि त्यांना परत वळण्यासही जागा लागते. घाटातील रस्ता मात्र तेवढाच राहतो. तेव्हा स्वयंसेवकांनी दूरच्या वाहनतळाकडे बोट दाखविल्यास वाद न घालता तेथे जावे. वृद्ध, गरोदर स्त्रिया व अपंग व्यक्ती बरोबर असल्यास त्यांना उतरविण्याच्या जागेविषयी स्वयंसेवकांस विचारावे; त्यांना तेथे उतरवून वाहन मात्र नेमून दिलेल्या ठिकाणी न्यावे.

३. आखलेल्या रेषेचे मोल

मोटारीसाठी आखलेली जागा साधारणपणे २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब असते. लहान मोटारीची रुंदी १.७ मीटरच्या आसपास धरली, तर मध्यभागी उभी केलेल्या मोटारीच्या दोन्ही बाजूंस सुमारे ४० सेंटिमीटर जागा उरते. शेजारचीही तितकीच मिळून ८० सेंटिमीटर होते, आणि तेवढ्यातच दार उघडून नऊवारीतील आजीला किंवा कडेवर मूल असलेल्या आईला उतरायचे असते. आपण रेषेकडे ३० सेंटिमीटर सरकलो, की शेजाऱ्याचे दार उघडत नाही; तो पलीकडे सरकतो, त्याच्या पलीकडचा आणखी सरकतो, आणि ओळीच्या शेवटी एका गाडीची जागा नाहीशी होते. आपली चूक वीतभराची असली, तरी जागा न मिळालेला भाविक गावभर फिरत राहतो.

अपंगांसाठी राखीव जागा ३.६ मीटर रुंद असते. ही अधिक रुंदी सन्मानार्थ नसून चाकाची खुर्ची दाराशी लावता यावी यासाठी असते. ती मोकळी दिसली तरी इतरांनी तेथे वाहन लावू नये.

गाडी शक्यतो मागे घेत, तोंड बाहेरच्या बाजूस करून लावावी. येताना चित्त ताजे असते, जागेचा अंदाज असतो. परतताना अंधार असतो, शरीर थकलेले असते, मुले गाड्यांमधून धावत असतात. त्या वेळी समोर पाहत बाहेर पडणे सर्वांसाठी सुरक्षित असते. वेळी-अवेळी भोंगा वाजवू नये. आपल्या हातून दुसऱ्याच्या गाडीला घासले गेल्यास निघून न जाता वाहनतळावरील सेवकास सांगावे आणि आपले नाव व क्रमांक लिहून ठेवावा. देवदर्शनाहून परतताना मनावर असा भार घेऊन जाऊ नये.

४. उतार, नदीपात्र आणि समुद्रकिनारा

आपली बहुतेक देवस्थाने डोंगरावर, नदीकाठी वा समुद्रतीरी आहेत. म्हणून प्रत्येक ठिकाणची काळजी निराळी आहे.

उतारावर हँडब्रेक पूर्ण ओढावा. गाडीचे तोंड चढाकडे असल्यास पहिला गिअर आणि उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर घालावा. वाहन घसरलेच तर ते डोंगराकडे वा कठड्याला जाऊन टेकेल, दरीकडे किंवा माणसांकडे जाणार नाही, अशा बेताने पुढील चाके वळवून ठेवावीत. चाकाला दगड लावल्यास निघताना तो आठवणीने बाजूला टाकावा. रस्त्यात राहिलेला दगड रात्रीच्या वेळी दुचाकीस्वाराचा घात करतो. पावसाळ्यात दरडीखाली अथवा जीर्ण झाडाखाली वाहन लावू नये.

नदीचे वाळवंट कोरडे दिसले तरी तेथे वाहन ठेवून दर्शनास जाऊ नये. पंढरपुरात पाऊस नसतानाही उजनी व वीर धरणांतून पाणी सोडले की चंद्रभागेची पातळी वाढते. वाहन पाण्यात बुडालेच, तर पाणी ओसरल्यावर इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. आत शिरलेल्या पाण्यामुळे इंजिनाची कायमची हानी होते. कारागीर बोलावून गाडी ओढून न्यावी.

गणपतीपुळे, हरिहरेश्वर यांसारख्या ठिकाणी पुळणीवर मोटार उतरवू नये. ओहोटीच्या वेळी घट्ट वाटणारी वाळू चाकाखाली भुसभुशीत होते आणि भरती साधारण साडेबारा तासांच्या अंतराने परत येतेच. रुतलेली मोटार काढण्यास माणसे जमेपर्यंत समुद्र थांबत नाही.

उन्हाळ्यात सुगीनंतरच्या शेतात तात्पुरते वाहनतळ केले जातात. इंजिन व धुराडे तापलेले असताना वाळलेल्या गवतावर गाडी उभी केल्यास आग लागू शकते. तेव्हा साफ केलेली जागा पाहावी. गाड्यांच्या ओळीत स्टोव्ह पेटविणे, कापूर जाळणे वा विडी ओढणे कटाक्षाने टाळावे.

५. गाडीत कोणास ठेवू नये

झोपलेल्या बालकास 'पटकन दर्शन घेऊन येतो' म्हणून बंद गाडीत ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. काचेतून आलेली उष्णता आतच कोंडते. पहिल्या अर्ध्या तासातच तापमान झपाट्याने चढते आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. मुलांना, आजारी वृद्धांना वा पाळीव प्राण्यांना गाडीत ठेवून जाऊ नये. घरच्यांनी आळीपाळीने दर्शन घ्यावे, देव थांबतो.

६. चोरीपासून रक्षण

दूरनियंत्रकाने दार बंद केल्यावर प्रत्येक दाराची मूठ ओढून पाहावी. कळ दाबली म्हणजे कुलूप लागलेच असे नसते. त्या क्षणी लहरींत व्यत्यय आणणारी उपकरणे चोर वापरतात. मौल्यवान वस्तू डिकीत ठेवायच्या असल्यास वाहनतळावर येण्यापूर्वीच ठेवाव्यात. सर्वांदेखत डिकी उघडून पिशव्या ठेवणे म्हणजे जागा दाखवून देणेच होय. दागिने व रोकड मात्र गाडीत ठेवूच नये. 'तुमच्या गाडीतून तेल गळते आहे', 'खाली नोटा पडल्या आहेत' असे कोणी सांगितल्यास उतरण्यापूर्वी किल्ली काढावी व दारे लावावीत.

गाडीची मूळ कागदपत्रे व दुसरी किल्ली गाडीत ठेवू नये. डिजिलॉकर वा एमपरिवहन यांवरील कागदपत्रे कायद्याने ग्राह्य आहेत. वाहनतळाची पावती खिशात ठेवावी आणि ओळीचा क्रमांक टिपून घ्यावा. दरफलक पाहून, पावती घेऊनच शुल्क द्यावे.

किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना विशेष विचार करावा. दि. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या प्रकरणात निर्णय दिला. पाहुण्याने किल्लीसह सेवकाकडे सोपविलेली मोटार तेथून चोरीस गेली होती. वाहन असे ताब्यात घेतल्यावर ते नीट परत करण्याची जबाबदारी हॉटेलवर येते. 'मालकाच्या जबाबदारीवर' असे पावतीवर छापून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भारतीय करार कायदा, १८७२ मधील निक्षेपाचे तत्त्व त्यामागे आहे. मात्र साध्या मोकळ्या वाहनतळावर किल्ली आपल्याच खिशात असते आणि ताबा आपण कोणाकडे दिलेला नसतो. तेथे आपली दक्षता हेच पहिले कुलूप होय.

चोरी झाल्यास ११२ या क्रमांकावर कळवावे, पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी व विमा कंपनीस विनाविलंब कळवावे. केवळ त्रयस्थाच्या नुकसानीपुरता विमा असल्यास स्वतःच्या गाडीच्या चोरीची भरपाई मिळत नाही, हे निघण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

७. वाहनपूजेविषयी

नव्या वाहनाची पूजा करताना चालक बहुधा नवशिका, गाडी अनोळखी आणि समोर हात जोडलेली मंडळी, असा योग जुळून येतो. पूजा चालू असेपर्यंत इंजिन बंद व हँडब्रेक ओढलेला असावा. चाकाखाली लिंबू ठेवल्यावर गाडी पुढे घेण्याआधी समोरील सर्वांना बाजूस करावे आणि त्या वेळी चाकावर अनुभवी व्यक्ती बसावी. नारळ नेमलेल्या ठिकाणीच वाढवावा. करवंटीचे तुकडे अनवाणी भाविकांच्या पायांत रुततात. पुढील काचेवर लोंबणारा हार निघण्यापूर्वी काढून ठेवावा. प्रसाद व फळे गाडीत उघडी ठेवू नयेत. माकडे व उंदीर त्यांच्या वासाने येतात. निघताना बॉनेटवर थाप मारून गाडीखाली एकदा वाकून पाहावे. सावलीला कुत्रे वा मांजर निजलेले असते.

भाविकहो, आपण दारी चपला काढून मंदिरात जातो, तेव्हा त्या दुसऱ्याच्या पायात येणार नाहीत अशा बाजूस ठेवतो. वाहनाचेही तसेच आहे. आपण मोकळी सोडलेली वाट कोणासाठी उपयोगी पडली, हे आपल्याला बहुधा कधीच कळणार नाही. तरीही ती सोडावी. आपली यात्रा निर्विघ्न होवो आणि आपण सुखरूप स्वगृही पोहोचावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.