विद्यार्थ्यांची विक्री व तिचा हिशेब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हायस्कुलांत शिकणारीं मुलें वर्षांतून एकदोन वेळां चॉकलेटच्या वड्या, बिस्किटांचे डबे, भेटवस्तूंवर गुंडाळावयाचा रंगीत कागद, संत्र्यांच्या पेट्या असला माल घरोघर विकावयास निघतात, हें वाचून आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस कांहींसें नवल वाटेल. हीं मुलें कांहीं व्यापाऱ्यांच्या घरचीं नसतात. कोणी मुलगा शाळेच्या बँडपथकांत कर्णा वाजवितो, कोणी मुलगी गायनवृंदांत गाते, कोणी शेतकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळाचा सभासद असतो. आणि त्या पथकास गणवेश, वाद्यें, प्रवासखर्च हीं पाहिजे असतात. तेवढा पैसा शाळेच्या तिजोरींतून निघत नाहीं, म्हणून तो विक्रींतून उभा करावयाचा, अशी ही चाल आहे. ती शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. तिच्यांत शिकण्याजोगें पुष्कळ आहे आणि सावध राहण्याजोगेंहि आहे. सबब आज तिचा थोडा अभ्यास करूं.

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की धरिली पाहिजे. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशीं कोणी आणलेली कोंबडी लिलावांत बाजारभावाहून अधिक किंमतीस जाते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. घेणारा कोंबडी विकत घेतो आणि त्याच पैशांत देणगीहि देतो. मात्र बाजारभाव सर्वांस ठाऊक असल्यामुळें त्यांतील देणगी किती हें मंडपांतील पोरासहि सांगतां येतें. शाळेच्या विक्रींतहि सौदा व दान एकत्र मिसळलेलीं असतात. परंतु येथें कोणता भाग कोणाचा हें सहसा कोणास ठाऊक नसतें. घेणारा म्हणतो, मीं शाळेस मदत केली. मूल म्हणतें, मीं शाळेसाठीं पैसे आणिले. प्रत्यक्षांत शाळेच्या पदरीं काय पडलें, हें हिशेब मांडिल्यावांचून दोघांसहि कळावयाचें नाहीं.

या चालीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला तिकडील ‘गर्ल स्काउट’ मुलींचा आहे. आपल्याकडील गाइड मुलींसारखींच हीं पथकें असतात. इ.स. १९१७ त ओक्लाहोमा संस्थानांतील मस्कोगी या गांवच्या पथकानें बिस्किटें भाजून तीं हायस्कुलाच्या उपाहारगृहांत विकलीं. पुढें १९२२ च्या जुलै महिन्यांत त्या संघटनेच्या मासिकांत शिकागो येथील एका बाईंनीं बिस्किटांची साधी कृति छापिली आणि तिच्याबरोबर खर्चाचा अंदाजहि दिला. सहा ते सात डझन बिस्किटांस २६ ते ३६ सेंटांचें सामान लागतें, व तीं डझनास २५ ते ३० सेंट या दरानें विकावीं, असें त्यांनीं सुचविलें. (शंभर सेंटांचा एक डॉलर होतो.)

वाचकांनीं हें गणित पाटीवर करून पाहावें. उत्पन्न कमींत कमी धरूं: सहा डझन, दर २५ सेंट, म्हणजे १५० सेंट आले. खर्च जास्तींत जास्त धरूं: ३६ सेंट. शिल्लक ११४ सेंट राहिली. म्हणजे जुन्या हिशेबानें बोलावयाचें तर रुपयांतील बारा आण्यांहून किंचित् अधिक पथकाच्या पदरीं पडले. एवढी शिल्लक कोठून आली? मुलींच्या व त्यांच्या आयांच्या श्रमांचें मोल कोणी धरिलें नव्हतें, चुलीच्या जळणाचेंहि धरिलें नव्हतें. शिलकींतील मोठा भाग हा त्यांच्याच हातांची कमाई होती. घेणाऱ्यासहि हें दिसत होतें, कारण बिस्किटें कोणाच्या घरीं भाजलीं हें गांवास ठाऊक असे.

पुढें मागणी वाढली. घरच्या भट्टीनें ती पुरी होईना. १९३४ त फिलाडेल्फिया येथील शाखेनें कारखान्यांत भाजलेलीं बिस्किटें विकण्यास घेतलीं, आणि १९३६ पासून राष्ट्रीय संघटना स्वतःच कारखानदारांस परवाने देऊं लागली. दुसऱ्या महायुद्धांत साखर, पीठ व लोणी दुर्मिळ झालें, तेव्हां १९४४ त कित्येक पथकांनीं बिस्किटांऐवजीं दिनदर्शिका विकल्या. आज एका वर्षांत सुमारें २० कोटी डबे विकले जातात. मात्र डब्याच्या किंमतींतून विकणाऱ्या पथकास साधारणतः एक दशांश ते एक पंचमांश एवढाच वांटा मिळतो. उरलेल्यांत कारखान्याची किंमत असते, आणि मोठा भाग विभागीय शाखेकडे जातो. ती शाखा त्यावर शिबिरें चालविते व पथकनायिकांस शिक्षण देते. यांत कोणी कोणास लुबाडिलें असें म्हणतां येणार नाहीं. शिबिरेंहि मुलींसाठींच असतात. परंतु दारीं उभ्या राहिलेल्या मुलीस जो शेजारी डब्याचे पैसे देतो, त्याच्या मनांत बारा आण्यांची कल्पना असते, आणि तिच्या पथकास दीड ते तीन आणेच पोंचतात.

हायस्कुलांच्या बँडपथकांचें काम पुष्कळदां चॉकलेटवर चालतें. शाळांस असा माल पुरविणें हाच कित्येक कंपन्यांचा धंदा आहे. छापील किंमतीचा निम्म्याच्या आसपास भाग पथकास राहतो, व बाकीचा कंपनीस जातो. धंदा म्हणून हें गैर नाहीं. माल बनविणाऱ्यास मोल मिळालेंच पाहिजे. आमची तक्रार निराळी आहे. विक्रीच्या आरंभीं मुलांस एकत्र बसवून इतके डबे विकाल तर खेळणें, इतके विकाल तर याहून मोठें बक्षीस, असें प्रलोभन दाखविण्याची रीति तिकडे पडली आहे. त्या बक्षिसांचा खर्च अखेर त्याच विक्रींतून निघतो. शिवाय ज्या मुलाचा बाप मोठ्या कचेरींत आहे, त्याचे डबे बाप कचेरींतच खपवितो. ज्याची आई रात्रपाळीस जाते, तें मूल दोनचार डबे घेऊन परत येतें. मग बक्षीस कोणाच्या मेहनतीस मिळालें? आम्हांस तर तें बापाच्या ओळखीस मिळालेलें दिसतें.

चॉकलेटाच्या विक्रींत आणखी एक खोच आहे. पुष्कळ ठिकाणीं माल आधीं मुलाच्या हवालीं करितात व पैसे मागून घेतात. वडी हरवली, उन्हानें वितळली, धाकट्या भावानें खाल्ली, कीं तिचे पैसे घरून भरावे लागतात. गरिबाच्या घरीं ही विक्री एक लहानसें कर्जच होऊन बसते.

याच्या उलट शेतकी विद्यार्थ्यांची रीति पाहा. ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना १९२८ त कॅन्सस सिटी येथें स्थापन झाली, आणि आज तिच्या शाखा हायस्कुलांत सर्वत्र आहेत. पुष्कळ शाखा हिवाळ्यांत संत्रीं व ग्रेपफ्रूट हें पपनसाच्या जातीचें फळ विकतात. मुलें पावसाळी ढगांसारखीं माल पाठीवर घेऊन हिंडत नाहींत. आधीं केवळ कागद घेऊन निघतात. नाताळाच्या कांहीं आठवडे पूर्वीं कोणास किती पेट्या पाहिजेत हें नांवानिशीं लिहून घेतात. सर्वांची बेरीज करून तेवढाच माल फ्लॉरिडा किंवा टेक्सस अशा उष्ण प्रांतांतून मागवितात. मालमोटार शाळेशीं आली म्हणजे मुलें स्वतः पेट्या उतरवितात, नासकें फळ वेगळें काढितात, यादीप्रमाणें वांटणी करितात आणि पोंचवितात. मागणीपुरताच माल आल्यामुळें पडून राहण्याचें भय जवळजवळ नसतें. थंड मुलखांत त्या दिवसांत ताजें फळ लोकांस हवेंच असतें. तेव्हां घेणाऱ्याच्या घरीं भीड म्हणून घेतलेली निरुपयोगी वस्तु धूळ खात पडत नाहीं. आणि ज्या मुलांस पुढें शेतमाल विकावयाचा आहे, त्यांस मोजणी, प्रतवारी, मोटारभाडें व वेळेवर पोंचविणें यांचा धडा मिळतो. आमच्या मतें या सर्व प्रकारांत ही रीति अधिक चांगली आहे, आणि खेड्यांतील शाळेस तीच जवळची आहे.

आतां शाळेस असा पैसा उभा करण्याची पाळी कां येते, तें पाहूं. १९७८ त कॅलिफोर्निया संस्थानांत मतदारांनीं घरजमिनीवरील कर मालमत्तेच्या ठरविलेल्या मोलाच्या शेंकडा एक या मर्यादेंत बांधून टाकिला. शाळांचा पुष्कळ खर्च या करांवर चालत असे. सांता बार्बरा येथील हायस्कुलांनीं मग खेळाच्या प्रत्येक संघासाठीं, तसेंच नाटक, गायन, वाद्यवादन या प्रत्येक शाखेसाठीं विद्यार्थ्यावर २५ डॉलर फी बसविली. गरिबांस माफी ठेविली होती. तरी फिर्याद झाली, आणि १९८४ त त्या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें ही फी अवैध ठरविली. सार्वजनिक शाळेचें शिक्षण मोफत आहे, व नाटक, संगीत, खेळ हीं त्या शिक्षणाचींच अंगें आहेत. म्हणून माफीची सोय असली तरी फी चालणार नाहीं, असा निकाल झाला.

फीचें दार बंद झालें म्हणजे विक्रीचें दार उघडावें लागतें. परंतु येथेंच सूक्ष्म विचार केला पाहिजे. प्रत्येक मुलानें अमुक इतका माल विकलाच पाहिजे, नाहीं तर त्यास पथकांत घेणार नाहीं, असा नियम केला, तर ती विक्री म्हणजे दुसरें नांव घेऊन आलेली फीच होय. कॅलिफोर्नियाच्या २०१२ च्या कायद्यांत विद्यार्थ्यांकडून फी घेण्यास पुन्हां स्पष्ट मनाई करण्यांत आली. देणगी मागणें व निधिसंकलनांत भाग घेणें यांस मोकळीक ठेविली, पण तीं स्वेच्छेचीं असावीं, असें म्हटलें.

दुसरा प्रश्न याहून कठीण आहे. एका मुलीनें पन्नास वस्तु विकल्या, दुसरीनें एकहि विकली नाहीं. नफा दोघींत सारखा वांटावा काय? आपल्या गांवांत विचाराल तर निम्मे लोक म्हणतील, जो राबेल तो खाईल. हा वाद तिकडे न्यायालयापर्यंत गेला. पालकांनीं चालविलेल्या साहाय्यक मंडळांस तिकडे ‘बूस्टर क्लब’ म्हणतात, आणि धर्मादाय संस्था या नात्यानें त्यांस प्राप्तिकराची माफी असते. व्हर्जिनिया संस्थानांतील ‘कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लब’ हें कसरत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचें असेंच एक मंडळ. तेथें जें कुटुंब माल विकी, त्याच्या खात्यांत गुण जमा होत, आणि त्या गुणांच्या प्रमाणांत त्याच्याच मुलाचा खर्च कमी होई. न विकणाऱ्यास त्यांतून कांहीं मिळत नसे. करखात्यानें मंडळाची माफी काढून घेतली, व २०१३ त कर-न्यायालयानें तो निर्णय कायम केला. येथें पैसा संघासाठीं नसून ज्याच्या त्याच्या घरासाठीं मिळविला जातो, तेव्हां यास धर्मादाय म्हणतां येत नाहीं, असें त्या निकालाचें तात्पर्य आहे.

आम्हांस हा निकाल योग्य वाटतो. शेजाऱ्यानें पैसे दिले ते मुलांच्या पथकास म्हणून दिले. अमक्याच्या मुलीची फी भरावी म्हणून दिले नाहींत. जो राबेल तो खाईल हा नियम स्वतःच्या शेतांत चालतो. पथकाच्या नांवावर मागितलेल्या पैशांत तो लावावयाचा असेल, तर तसें दारावरच सांगितलें पाहिजे, आणि तसें सांगितल्यावर किती जण देतील हा प्रश्नच आहे.

मुलांच्या जिवाची काळजी हा विषय थोडक्यांत सांगतों. १९९७ त न्यू जर्सी संस्थानांत शाळेसाठीं घरोघर विक्री करीत फिरणाऱ्या एका मुलाचा खून झाला. परक्या दारीं मुलास एकट्यानें पाठवूं नये, असें शाळा आतां बजावितात, आणि कित्येक ठिकाणीं ही विक्री ओळखीच्या लोकांपुरतीच ठेवितात. खाद्यपदार्थांविषयींहि १ जुलै २०१४ पासून शाळेच्या वेळांत व आवारांत विकावयाच्या पदार्थांस साखर, मीठ व चरबी यांच्या मर्यादा लागू झाल्या. मात्र वर्षांतील कांहीं विक्रींस सूट देण्याचा अधिकार संस्थानांस ठेविला आहे.

आपल्या देशांत शाळकरी मुलांच्या हातून पैसा जमविण्याच्या दोन रीति वाचकांच्या ओळखीच्या आहेत. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, व विद्यार्थी लहान ध्वज देऊन निधि गोळा करितात. तेथें ध्वजास मोल नाहीं. दिलें तें सर्व दान, आणि तें सैनिकांच्या कुटुंबांसाठीं जातें, हें देणाऱ्यास ठाऊक असतें. दुसरी स्काउट-गाइडांची ‘खरी कमाई’. तींत मुलें लहानसहान काम करून मोबदला घेतात. तें सर्व श्रमाचें मोल. ब्रिटनमधील स्काउटांनीं १९४९ त असाच ‘बॉब-अ-जॉब’ सप्ताह सुरू केला होता, म्हणजे एका कामास एक शिलिंग. दोन्ही रीतींत पैशाची जात स्वच्छ दिसते.

आपल्या शाळेनें परसबागेंतील भाजी, मुलींनीं केलेल्या पिशव्या किंवा रंगविलेल्या पणत्या विकावयाचें ठरविलें, तर मागणी आधीं लिहून घ्यावी व माल मागून करावा. पैसे एका शिक्षकानें व एका पालकानें मिळून मोजावे आणि दोघांच्या सहीनें वहींत लिहावे. कोणत्या मुलानें किती विकलें याची यादी भिंतीवर लावूं नये. फळ्यावर मात्र एकंदर विक्री, सामानाचा खर्च, शिल्लक आणि ती शिल्लक कशावर खर्चिली हें मोठ्या अक्षरांत लिहून आठवडाभर राहूं द्यावें, म्हणजे ज्यानें चार रुपयांची मेथी सहा रुपयांस घेतली, त्यास येतां जातां तें वाचतां येईल.