लिंका चारशे, फोन शून्य

आमच्या साइटकडे येणारी लिंक काढून टाकायला एका साइटवाल्याने माझ्याकडे वीस डॉलर मागितले. एका लिंकेचे वीस. लावताना एजन्सीने पैसे घेतले होते, आता काढताना हा घेणार. या धंद्याची खरी रीत मला तेव्हा कळली.

आमचं दुकान मिरजेत, सतारमेकर गल्लीत. अब्बा तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे त्याचा नाद जुळवतात, चुलतभाऊ भोपळे आणि दांड्या बघतो, आणि ‘तुला कॉम्प्युटर येतो’ म्हणून वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. साइट साधीच होती, पण परदेशातून महिन्याला चार-पाच चौकशा यायच्या. मग जून २०२३ मध्ये एजन्सीचा मुलगा आला. “सर, तुमचा डीए नऊ आहे. सहा महिन्यांत तीसच्या वर नेतो.” नऊ हा आकडा त्याने अशा चेहऱ्याने सांगितला, की मला शाळेतलं प्रगतिपुस्तक आठवलं. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. तो आकडा मॉझ नावाची कंपनी स्वतःच्या हिशेबाने काढते, गूगल तो वापरत नाही. हे मला कळलं दहा महिन्यांनी.

महिन्याला बारा हजार ठरले. दर एक तारखेला एक्सेलची फाइल यायची, चाळीसेक लिंका, सगळ्या रांगा हिरव्या रंगवलेल्या. डीए नऊवरून एकतीसवर गेला. फोन मात्र वाजेना. विचारलं की उत्तर ठरलेलं, “सर, एसइओला वेळ लागतो.” गूगलमध्ये वर यायला वेळ लागतो हे खरं आहे, म्हणूनच ते वाक्य इतकं सोयीचं आहे. अब्बा एकदाच म्हणाले, “अरे, गिऱ्हाईक कुठाय?” मी त्यांनाच गप्प केलं. त्याची लाज अजून वाटते.

मार्च २०२४ च्या अखेरीस मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरांत बातम्या आल्या, गल्लीत कॅमेरे आले. माणसं गूगलवर मिरजेचा तंबोरा शोधत असणार, आणि आम्ही कुठेच नव्हतो. दुकानाचं नाव टाकलं तरी साइट दिसेना. एजन्सी म्हणाली, “अल्गोरिदम बदललाय सर, सगळ्यांचंच झालंय.”

सर्च कन्सोल म्हणजे गूगल साइटच्या मालकाला जिथे निरोप देतं ते खातं. त्याचा ताबा एजन्सीच्या जीमेलवर होता. मी मागितला, तर “तांत्रिक गोष्ट आहे, गडबड होईल” म्हणाले. नशीब एवढंच की डोमेन माझ्या नावावर होतं. रात्री बसून डोमेनच्या खात्यात गूगलने दिलेली नोंद घातली आणि मालक म्हणून आत शिरलो. नव्या मालकालाही जुने निरोप दिसतात, हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं. सगळ्यात वर निरोप होता: साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंकांमुळे मॅन्युअल अॅक्शन. तारीख फेब्रुवारीची. म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून आम्हाला बाजूला काढलं होतं, यांना ते सात आठवडे माहीत होतं, आणि त्या काळातली दोन बिलं मी वेळेवर भरली होती.

मग लिंकांचा अहवाल उघडला. जुगाराच्या साइटी, कर्ज देणाऱ्या साइटी, कुठल्या तरी बंद पडलेल्या शाळेचं डोमेन घेऊन त्यावर चालवलेला ब्लॉग. सगळीकडे लिंक एकाच शब्दांवर, ‘बेस्ट तानपुरा इन इंडिया’. भिंतीच्या रंगाबद्दलच्या लेखात मध्येच आमचा तंबोरा. गूगलने २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला तो नेमका अशा लिंकांना रोखण्यासाठी. मला २०२३ मध्ये विकलेला माल अकरा वर्षं शिळा होता.

फोन केला तर तो मुलगा आधी म्हणाला, “कॉम्पिटिटरने केलं असेल.” त्यांच्याच एक्सेलमधल्या ओळी वाचून दाखवल्यावर म्हणाला, “सर, रिकव्हरीचं वेगळं पॅकेज आहे.” मी फोन ठेवला. ठेवण्याआधी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

ज्यांना यातून जायचंय किंवा जायचं नाहीये, त्यांच्यासाठी. डोमेन आणि सर्च कन्सोल, दोन्हींचे मालक तुम्हीच राहा. एजन्सीला वापरकर्ता म्हणून आत घ्या, मालक म्हणून नको. लिंक लावण्याआधी साइटींची यादी मागा, त्यातल्या दहा उघडा, आणि हे पान कुणी माणूस वाचत असेल का एवढंच बघा. पैसे देऊन जाहिरात म्हणून लिंक घ्यायला गूगलची हरकत नाही, पण तिच्यावर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ची खूण लागते. तुमचा माणूस ही खूण टाळतो म्हणाला तर तिथेच थांबा. करार लेखी करा, स्वस्ताच्या मागे लागू नका वगैरे सगळे सांगतातच.

शिक्षा झालीच असेल, तर नुसती नकारयादी, म्हणजे ‘या लिंका धरू नका’ अशी गूगलला द्यायची यादी, पाठवून भागत नाही. आधी साइटवाल्यांना लिंक काढा म्हणून लिहा, त्या मेलांची नोंद ठेवा, आणि गूगलकडे करायच्या फेरविचाराच्या अर्जात ती द्या. माझा पहिला अर्ज हे न केल्यानेच परत आला. यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक डोमेन. आणि सर्च कन्सोलमध्ये साइट ‘डोमेन’ प्रकारात जोडली असेल तर यादी पाठवायचं साधन तिथे चालतच नाही, पूर्ण पत्त्याने वेगळी जोडावी लागते. यात माझे दोन दिवस गेले. मॅन्युअल अॅक्शन नसेल तर मात्र या यादीला हात लावू नका. भंगार लिंका कुणालाही येतात, गूगल त्या बहुतेक वेळा सोडून देतं.

वीस डॉलर मी दिले नाहीत. दुसरा अर्ज जुलैत मंजूर झाला. पण सगळं पूर्ववत झालं नाही, आणि त्याचं कारण मला उशिरा सापडलं. डिसेंबरात एजन्सीने ‘नवं डिझाइन’ म्हणून साइटच्या सगळ्या पानांचे पत्ते बदलले होते आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे वळवणारी सोयच केली नव्हती. नेदरलँड्समधल्या एका शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पानावर आमच्या तंबोऱ्याची लिंक होती. पुण्याच्या एका गायन विद्यालयाच्या पानावर होती. दोन मैफली भरवणाऱ्यांकडे होती. अशा बारा-तेरा लिंका, एक पैसा न देता आलेल्या, आठ महिने ‘पान सापडले नाही’वर आदळत होत्या. बारा हजारांची फाइल बघताना मी त्या कधी मोजल्याच नव्हत्या.

बहुतेक पत्ते आता वळवले आहेत. त्यातल्या तीन जणांच्या पानांवर तर आमचा बंद झालेला फोन नंबरच आहे, त्यांना एकेकाला कळवायचंय. त्यातल्या एका बाईंचा तंबोरा सध्या जवारीसाठी आमच्याकडेच आलाय. न्यायला येतील तेव्हा विचारीन.